'कन्सेंट', संमती आणि डॉ. रखमाबाई



इतिहासावर बोलायला डॉक्टरला, त्यातही होमिओपॅथीच्या डॉक्टरला, का उभे केले असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. विषय मला माझ्या टेबलावरच सापडला. शस्त्रक्रियेआधी इस्पितळात जो कागद पुढे करतात, त्यावर छापलेले असते 'संमतिपत्र'. पण त्याला सगळेजण, अगदी अंगठा उठवणारेही, 'कन्सेंट' म्हणतात. 'कन्सेंट झाली का?' असे एकमेकांना विचारतात. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत माझ्या रुग्णांनी असे कितीतरी कागद मला दाखवायला आणले. पुष्कळ कागदांच्या तळाशी एक गुजराती ओळ असते, 'दर्दी अथवा सगांची सही'. दर्दी म्हणजे रुग्ण, हे सुरतेत दोन-तीन पिढ्या काढलेल्यांना सांगायला नको. आजचे माझे बोलणे त्या ओळीतल्या 'अथवा' या शब्दाविषयी आहे.

आधी शब्दाचे कूळ पाहू. 'कन्सेंट' हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे तेराव्या शतकात इंग्रजीत आला. 'कॉन' म्हणजे सह आणि 'सेंतिरे' म्हणजे जाणवणे, वाटणे. दोघांना एकच वाटणे, हा मूळ अर्थ. मनाजोगते झाले की माणूस 'हो' म्हणतो, म्हणून पुढे त्याला रुकार देण्याचा अर्थ आला, आणि आणखी पुढे परवानगीचा. 'सेन्स' आणि 'सेंटिमेंट' ही त्याचीच भावंडे. 'सेंटेन्स'ही त्याच घरातला. मुळात त्याचा अर्थ मत. न्यायाधीशाने बोलून दाखवलेले मत म्हणून शिक्षा. हे भावंड लक्षात ठेवा, पुढे ते लागणार आहे.

परवानगीचे इतर इंग्रजी शब्द निराळ्या घरांतले आहेत. 'पर्मिट' म्हणजे आरपार जाऊ देणे. तिथे नाका आहे आणि नाकेदार आहे. 'लायसन्स' म्हणजे मोकळीक, पण कुणीतरी दिलेली. आपल्याकडेही असेच दोन गट दिसतात. परवाना, परवानगी हे फारसीतून आले. 'मंजूर' अरबीतला, त्याचा मूळ अर्थ 'पाहिलेले', म्हणजे साहेबाच्या नजरेखालून गेलेले. 'मुभा' म्हणजे शरियतीने ज्याला हरकत नाही ते. या सगळ्यांत वर कुणीतरी बसलेला आहे आणि खाली कुणीतरी अर्ज घेऊन उभा आहे. 'संमती'चे तसे नाही. सम् आणि मन्, एकत्र विचार करणे. लॅटिनने जे भावनेकडे सोपवले ते संस्कृतने बुद्धीकडे सोपवले, एवढाच फरक. दोघांतही माणसे समोरासमोर बसलेली आहेत.

'राजी' हा शब्द मला यात सर्वांत गोड वाटतो. अरबीत त्याचे मूळ संतोषाचे आहे. त्याच मुळाचा 'रजा'. गुजरातीने त्याचा परवानगी हा अर्थ जिवंत ठेवला, आपण मराठीत तो सुटीपुरता उरवला. म्हणून नगरपालिका बांधकामाला देते ती इथे 'रजाचिठ्ठी', आणि महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या माणसाला वाटते की कुणीतरी रजेचा अर्ज केला आहे. 'राजीनामा'ची तऱ्हा आणखी गमतीची. आज त्याचा अर्थ नोकरी सोडणे. पण जुन्या कचेरीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राजी झाल्याचा लेख, तडजोडपत्र. हाही शब्द लक्षात ठेवा.

सुरतेचा इतिहास म्हणजे तर परवानग्यांचाच इतिहास. मोगल बादशाहीचे हे मक्केचे बंदर, पण हाजींच्या जहाजांनाही पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' नावाचा दाखला घ्यावा लागे. विल्यम हॉकिन्स १६०८ साली इथे उतरला आणि आग्र्याला जाऊन दरबारात तिष्ठला. इंग्रजांना वखारीचे फर्मान मिळायला १६१३ उजाडले. (शिवाजी महाराजांनी १६६४ साली परवाना मागितला नव्हता, हे इथल्या मराठी घरांत हसत हसत सांगतात, आणि गुजराती शेजारी ते न हसता ऐकतात.) पण परवानगी आणि संमती यांतला फरक ज्या व्यक्तीच्या आयुष्याने देशाला दाखवला, ती या गावात दोन दशकांहून अधिक काळ राहिली, आणि ती मराठी होती. डॉ. रखमाबाई. १८९५ साली इंग्लंडहून डॉक्टर होऊन परतल्यावर त्या सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळाच्या प्रमुख झाल्या, आणि १९१८ च्या सुमारास राजकोटला गेल्या. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कुणाची सुटका त्यांच्या हातून झाली असणे अशक्य नाही.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार जातीत त्याला आडकाठी नव्हती. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत, वनस्पतींचे जाणकार होते. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी झाले. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत, माहेरीच राहिल्या, वाचू-शिकू लागल्या; आणि कळत्या झाल्यावर त्यांनी जायचे नाकारले. १८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. इंग्रजी कायद्यात अशा दाव्याचे नाव 'दांपत्यहक्कांची पुनःस्थापना'. आपल्या भाषेत, बायकोला नांदायला आणण्याचा दावा.

इथे जरा थांबायला हवे. हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या धर्मपीठीय न्यायालयांतून आला होता, आणि ख्रिस्ती विवाहाचा पाया होता कन्सेंट. अल्पियन नावाच्या रोमन कायदेपंडिताने सांगून ठेवले होते की लग्न सहवासाने होत नाही, संमतीने होते. चर्चने तेच उचलले. वधू-वर वेदीपुढे स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हणतात. ज्याने एकदा 'हो' म्हटले त्याने परत यावे, असा त्या दाव्याचा तर्क. आपल्याकडे वाङ्निश्चय होतो तो वडीलधाऱ्यांच्या वाणीने, आणि कन्यादानात देणारा बोलतो, घेणारा बोलतो. दान बोलत नाही. मौन म्हणजे संमती, ही म्हण आपण मान खाली घातलेल्या मुलीकडे पाहूनच वापरत आलो. म्हणजे संमतीच्या पायावर उभा राहिलेला उपाय तिथून उचलून, जिथे संमती विचारलीच जात नाही अशा लग्नाला लावला गेला. आणखी एक विसंगती पाहा. असा हुकूम न मानणाऱ्याला तुरुंगात घालण्याची तरतूद इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केली. हिंदुस्थानच्या दिवाणी संहितेत ती तशीच राहिली.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी दावा फेटाळला. अकराव्या वर्षी, काही कळत नसताना लग्न लागलेली मुलगी मोठी होऊन नको म्हणते, तर तिला ओढून नवऱ्याच्या घरी पोचवणे त्यांना रानटीपणाचे वाटले. शिवाय ती कधी नांदलीच नाही, तर 'पुनः' स्थापना कशाची? निकालाच्या आगेमागे रखमाबाईंनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने लिहिलेल्या दोन पत्रांनी खळबळ उडवली होती. सखाराम अर्जुन मात्र निकालाआधीच वारले.

दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला. हिंदू विवाह हा संस्कार आहे, विधी झाला की तो पुरा झाला, संमतीचा प्रश्न तिथे येत नाही, असा त्याचा रोख. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते चूक म्हणता येणार नाही, म्हणूनच तो निकाल अस्वस्थ करतो. खटला परत खाली आला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी कळवली. तिने 'कन्सेंट' नाकारला तेव्हा तिच्या वाट्याला त्याच शब्दाचे सख्खे भावंड आले, 'सेंटेन्स'.

परंपरा सांगते की जांबेच्या बारा वर्षांच्या नारायणाने बोहल्यावर 'सावधान' शब्द ऐकला आणि तो पळाला. त्याला कुणी कोर्टात खेचले नाही. तो समर्थ रामदास झाला. ज्या मुलीला तो सोडून गेला तिचे पुढे काय झाले, हे मी लहानपणी कीर्तनकारांना विचारले होते. त्यांनी मला प्रसाद दिला.

रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. विक्टोरिया राणीने लग्न मोडून दिले अशी एक कथा अजून सांगतात. शेवट खरा झाला तो या पैशांच्या तडजोडीने. जुन्या अर्थाचा राजीनामाच तो. पुढच्या वर्षी त्या लंडनला वैद्यक शिकायला गेल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांची त्यांना मोठी मदत झाली.

या प्रकरणामागे उभे राहिलेले एक माणूस अर्धे आपल्याच गावचे. बेहरामजी मलबारी जन्माने बडोद्याचे, पण लहानपणी आईबरोबर सुरतेला आले आणि इथल्या आयरिश मिशनच्या शाळेत शिकले. १८८४ सालच्या त्यांच्या बालविवाहावरच्या टिपणांनी वादाला तोंड फोडले, आणि तो वाद थेट संमतिवयाच्या कायद्यापर्यंत गेला. 'कन्सेंट'ला 'संमती' हा शब्द मराठीच्या ओट्याओट्यावर पोचला तो या कायद्याच्या भांडणातून.

मॅकॉलेच्या हातून आराखडा झालेली दंडसंहिता १८६० ची. तिच्या कलम ९० प्रमाणे बारा वर्षांखालच्या मुलाची संमती ही सर्वसाधारणपणे संमतीच नव्हती. मात्र शरीरसंबंधापुरती वयाची मर्यादा त्याच पुस्तकात दहा! ज्या मुलीची आणखी कशालाही दिलेली संमती कायद्याने ग्राह्य नाही, तिची एवढ्याच बाबतीत ग्राह्य. इंग्लंडमध्ये ही मर्यादा १८८५ साली सोळा झाली होती. १८९० साली कलकत्त्याला फुलमणी नावाची अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संबंधाने रक्तस्राव होऊन मेली. ती दहाच्या वर होती, म्हणून बलात्काराचा आरोप टिकला नाही. निष्काळजीपणाबद्दल वर्षाची सक्तमजुरी झाली. जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी बिल मांडले आणि १९ मार्चला मर्यादा बारा झाली.

महाराष्ट्रात दोन तट पडले. डॉ. भांडारकर धर्मशास्त्राची पाने उघडून बसले, तेलंग बाजूने उभे राहिले, 'सुधारका'तून आगरकर तुटून पडले. विरोधात टिळक. टिळकांना इथे केवळ सनातनी म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. रखमाबाई प्रकरणात 'केसरी'ने जी बाजू घेतली ती मला आजही बोचते. पण याच टिळकांनी १८९० साली पुण्यात सूचना मांडली होती की जे स्वखुशीने सही करतील त्यांनी मुलीचे लग्न सोळापूर्वी आणि मुलाचे विसापूर्वी करू नये. त्यांचा आक्षेप होता परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करण्याला. आम्हाला न विचारता आमच्यावर राज्य का? लॉकपासून अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेपर्यंत युरोप-अमेरिकेने राज्यकर्त्यांना विचारलेला हाच प्रश्न, आणि तिथेही शब्द हाच आहे, शासितांचा 'कन्सेंट'. टिळकांना राष्ट्राची संमती दिसली, मुलीची दिसली नाही. सुधारकांना मुलगी दिसली, पण त्यांनी तरी तिला काय मिळवून दिले? एक आकडा. दहाच्या ऐवजी बारा. 'संमतिवय' या जोडशब्दात वय ठरले, संमती विचारायची राहिलीच. आकड्याने जीव वाचतात, हे डॉक्टर म्हणून मी नाकारणार नाही. पण बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीलाही कुणी विचारत नव्हते.

परके सरकार हा आक्षेप जिथे लागू नव्हता तिथेही पाहू. आपल्या शेजारचे नवसारी बडोदे संस्थानात होते. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला, मुलीला बारा आणि मुलाला सोळा. आणि १९३३ साली अज्ञान मुलांना संन्यासदीक्षा देण्यावर कायद्याने बंदी आणली. त्याने जैन समाजात मोठे वादळ उठले. मी स्वतः जैन आहे आणि सुरतेत दीक्षेचे वरघोडे बँडबाज्यासकट दवाखान्यासमोरून जाताना पाहतो. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाला रथात पाहिले की माझे हात जोडले जातात आणि मनात खळबळही होते. आईवडिलांनी आज्ञा दिलेली असते, मुलगा हसत असतो. आज्ञा ही परवानगी झाली. संमती त्या वयाची किती? माझ्याच काही आप्तांना हे रुचणार नाही, पण आमच्याच शास्त्राने मला हा प्रश्न शिकवला आहे.

जैन शास्त्रात कर्म तीन प्रकारे लागते : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि केवळ अनुमती दिलेले. कृत, कारित, अनुमत. तत्त्वार्थसूत्रातला हिशेब असा की संकल्प, तयारी आणि कृती या तीन पायऱ्या. मन, वाणी, काया ही तीन साधने. कृत-कारित-अनुमत हे तीन. आणि क्रोधादी चार कषाय. गुणाकार करा, एकशे आठ येतात. मान डोलावणे हेदेखील करण्याच्या बरोबरीने मोजले आहे. श्रावकाच्या अकरा प्रतिमा, म्हणजे त्यागाच्या पायऱ्या, सांगितल्या आहेत, त्यांत दहावी अनुमतित्यागाची. घर, धंदा, आरंभ सगळे सोडून झाल्यावर म्हाताऱ्या माणसाने सोडायची गोष्ट म्हणजे घरच्यांच्या व्यवहारात 'हो' म्हणणे. मुलाने विचारले, बाबा, हा सौदा करू का, तरी त्याने गप्प राहायचे. माझ्या आजोबांनी ही प्रतिमा घेतली नव्हती, पण उतारवयात ते तसेच वागत. घरच्यांनी त्यांचे मौन होकारात धरले आणि माझ्या आत्याचे लग्न ठरवले. त्या लग्नाबद्दल आत्या नंतर काय म्हणत असे, ते इथे सांगण्यासारखे नाही.

आता माझ्या धंद्याकडे येतो. हानेमान यांनी 'ऑर्गेनन'मध्ये वैद्याला बजावले आहे की रुग्णाला त्याच्या शब्दांत बोलू द्या, मध्ये तोंड घालू नका. माझ्याकडे बाई येते, तिच्याबरोबर नवरा किंवा सासू येते. मी बाईला विचारतो, झोप लागते का? उत्तर नवऱ्याकडून येते, 'हिला झोपेचा काही त्रास नाही.' अशा किती केसपेपरांवर मी नवऱ्याचीच झोप लिहून ठेवली असेल, देव जाणे.

दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांमध्ये डॉक्टरांनी कैद्यांवर जे प्रयोग केले त्यांच्या खटल्यानंतर, १९४७ साली न्युरेंबर्गला वैद्यकात स्वेच्छेची संमती ही पहिली अट ठरली. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका निकालात 'इन्फॉर्म्ड कन्सेंट' हे शब्द आले, म्हणजे समजून दिलेली संमती. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली प्रकरणात निकाल दिला. दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला गेलेली अविवाहित बाई भुलीखाली असताना, बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले होते. प्राण वाचवण्याची तातडी नसेल आणि रुग्ण सज्ञान असेल, तर आईची संमती ही तिची संमती होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे तो 'अथवा' कायद्याने खोडला. कागदांवर तो अजून छापला जातो.

नांदायला आणण्याचा दावा मात्र खोडला गेला नाही. तुरुंगाची तरतूद १९२३ साली गेली. इंग्लंडने मूळ दावाच १९७० साली रद्द केला. आपल्याकडे १८ मे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून तो आला आणि आजही आहे. रखमाबाई तेव्हा हयात होत्या. त्या २५ सप्टेंबर १९५५ ला गेल्या.

शेवटी घरचे एक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. कागद आला, तिला गुजराती वाचता येत नाही, मी डॉक्टर, मीच सही करून टाकली. पट्टी सुटल्यावर तिने विचारले, ''अरे, तिथे काही लिहून घेतलं का माझ्याकडून?'' मी म्हणालो, ''मी केली ना सही.'' ती म्हणाली, ''डोळा माझा, सही तुझी!'' आणि चहा मागितला.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी कागद तिच्या हातात दिला आणि ओळ न् ओळ मराठीत सांगितली. गुंतागुंतीच्या कलमापाशी ती थांबली. ''म्हणजे दिसणार नाही असंही होऊ शकतं?'' होऊ शकतं, म्हटले. तिने थोडा वेळ विचार केला, मग पदराने चष्मा पुसला आणि चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात आपले पूर्ण नाव लिहिले, वडिलांचे नाही, नवऱ्याचे नाही, अशी आधी स्वतःच्या नावापाशी अडखळत. नर्सबाई दोनदा घड्याळाकडे पाहून गेल्या.